मनासारखं काम की जास्त पगार: निर्णय घ्यायचा कसा?

आवडीचं काम आहे, पण पगार बेताचा. दुसरीकडून ऑफर आली आहे, पगार घसघशीत, पण कामाचं वर्णन वाचतानाच जांभई यावी. हा पेच पहिल्यांदा समोर येतो तेव्हा बहुतेक जण ‘समाधान मोठं की पैसा मोठा’ असा वाद स्वतःशी घालत बसतात. आठवडे जातात आणि निर्णय तिथेच राहतो. माझ्या मते या वादात पडूच नये, कारण तुम्हाला समाधान आणि पैसा यांतून निवड करायचीच नाहीये. दोन ठरावीक नोकऱ्या आहेत: सकाळी किती वाजता निघायचं, दिवसभर नेमकं काय करायचं, कोणाच्या हाताखाली करायचं आणि महिनाअखेर किती उरणार. या प्रश्नांची उत्तरं निघू शकतात.

खालच्या पायऱ्या शक्यतो याच क्रमाने करा. पहिली पायरी कंटाळवाणी आहे म्हणून ती टाळून थेट मनाचा कौल घ्यायला गेलात, तर पैशाची काळजी मनाच्या आवाजात बोलते आणि आपल्याला ते कळतही नाही.

पायरी १: आधी किमान आकडा काढा

गेल्या चार-सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट समोर ठेवा. अंदाजाने लिहू नका. अंदाज नेहमी कमीच निघतो. घरभाडं किंवा कर्जाचा हप्ता, किराणा, वीज, फोन, प्रवास, औषधपाणी, घरच्यांना द्यावे लागणारे पैसे हे सगळं मांडा. मग वर्षातून एकदाच येणारे खर्च आठवा: विम्याचा हप्ता, कुणाची फी, दुरुस्त्या. त्यांची बेरीज करून १२ ने भागा आणि ती रक्कमही महिन्याच्या खर्चात धरा.

नवखे लोक हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे बचत. उरलं तर बचत, हा हिशेब इथे चालणार नाही. तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च अडीअडचणीसाठी बाजूला असावा, हा जुना ठोकताळा आहे. तो साठा नसेल तर तो उभा करायला दरमहा लागणारी रक्कम किमान आकड्यात मोडते. म्हातारपणाची तरतूदही त्यातच.

आता हा आकडा कमी पगाराच्या नोकरीतून हातात येणाऱ्या रकमेशी ताडून पाहा. पगार त्याच्या खाली असेल, तर तूर्त प्रश्न सुटला: जास्त पगाराची नोकरी घ्या आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. हे मी तत्त्व म्हणून सांगत नाही. पैशाची तंगी घरी ठेवून कामावर जाता येत नाही, म्हणून सांगतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांना कापणीआधी आणि कापणीनंतर एकाच प्रकारच्या बौद्धिक चाचण्या दिल्या होत्या. कापणीआधी, हात तंग असताना, तेच शेतकरी त्या चाचण्यांत मागे पडले. ज्या कामावर तुमचं प्रेम आहे ते काम अशा डोक्याने करायला गेलात, तर थोड्याच दिवसांत प्रेमही आटतं.

दोन्ही नोकऱ्या किमान आकड्याच्या वर असतील तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे.

पायरी २: वरच्या पैशाची खरी किंमत

किमान आकड्याच्या वरचा पैसा सुख देतो का, यावर संशोधकांमध्येही बराच खल झाला आहे. २०१० मध्ये डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेतल्या माहितीवरून सांगितलं की वर्षाला साधारण ७५ हजार डॉलरच्या पुढे रोजच्या मनःस्थितीत फारसा फरक पडत नाही. हा निष्कर्ष जगभर पसरला आणि अजूनही लोक तो ऐकवतात. पण २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांना असा थांबा दिसला नाही. मग २०२३ मध्ये कानमन आणि किलिंग्सवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांच्यासोबत एकत्र बसून माहिती पुन्हा तपासली. निघालं ते असं: बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढतच राहतं. एका मर्यादेनंतर थांबतं ते फक्त आधीपासून सर्वांत दुःखी असलेल्या गटाचं. थोडक्यात, पैशाने न सुटणारं दुःख घेऊन कुणी पगारवाढीच्या मागे गेला, तर ठरावीक टप्प्यानंतर त्याच्या पदरी फार काही पडत नाही.

या संशोधनातली आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. सुख वाढतं ते रकमेच्या फरकाने नाही, पटीने. उत्पन्न दुप्पट झालं की एक पायरी. पुढची तेवढीच पायरी चढायला ते पुन्हा दुप्पट व्हावं लागतं. म्हणून ऑफरकडे पाहताना ‘किती जास्त’ याआधी ‘किती टक्के जास्त’ हे विचारा. दहा-पंधरा टक्क्यांसाठी आवडतं काम सोडण्याआधी मी दहादा विचार करीन. पगार दुप्पट होणार असेल, तर मात्र ‘मला पैशाचं काही नाही’ असं म्हणणारा माणूस बहुधा स्वतःलाच फसवत असतो.

आता टक्केवारी काढायची कशाची? पत्रात लिहिलेल्या वार्षिक आकड्याची नक्कीच नाही. त्यातून कर वजा करा. ‘कामगिरीनुसार’ मिळणारा बोनस शून्य धरा. मिळाला तर आनंद. मग त्या नोकरीमुळेच वाढणारे खर्च काढा: लांबचा प्रवास, बाहेरचं खाणं, कपडे, मुलांना सांभाळायला ठेवावं लागणारं माणूस. उरलेल्या रकमेला तासांनी भागा, आणि तासांत प्रवासाचा वेळही धरा.

उदाहरण घेऊ. पहिल्या नोकरीचा पगार १०० धरा आणि दुसरीचा १५०. पहिलीत आठ तास काम, येण्याजाण्यात एक तास. दुसरीत दहा तास काम, प्रवास दोन तास. महिन्याचे २२ दिवस धरले तर पहिलीचे १९८ तास होतात, दुसरीचे २६४. कर आणि नोकरीपायी होणारा खर्च वजा जाता पहिलीतून ९० उरले आणि दुसरीतून ११५, असं समजू. तासाला पहिली ०.४५ देते, दुसरी ०.४४. कागदावर दीडपट असलेला पगार तासाच्या हिशेबात किंचित कमीच भरला. आणखी नेमकं पाहायचं तर दुसरी नोकरी ६६ जादा तासांचे २५ देते, म्हणजे तासाला जेमतेम ०.३८.

या हिशेबालाही एक मर्यादा आहे. वाचलेले ६६ तास घरमालक भाड्यात धरत नाही. तुम्हाला महिन्याला ११५ लागतच असतील, तर तासाचा दर चांगला असून उपयोग नाही. म्हणून तर पहिली पायरी आधी.

प्रवासाबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवं, कारण तो सगळेच कमी लेखतात. अलॉइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्रे यांनी जर्मनीतल्या माहितीवर केलेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लांबून ये-जा करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी दिसले. जास्त पगाराने किंवा चांगल्या घराने त्याची भरपाई होईल असं अर्थशास्त्र सांगतं, पण तशी ती झालेली दिसली नाही. नव्या पगाराची सवय लवकर होते. गर्दीची होत नाही.

पायरी ३: समाधानाची फोड करा

‘मला इथे समाधान आहे’ हे वाक्य म्हणजे एक गाठोडं असतं. ते सोडून आत काय काय आहे हे पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो याच पायरीला.

एक कागद घ्या आणि गेल्या महिन्याभरात कामावर बरं वाटलं ते प्रसंग लिहा. भावना नको, प्रसंगच लिहा. ‘अमुक माणसाचं काम अडलं होतं, ते मी सोडवून दिलं.’ ‘दुपारभर कुणी हाक मारली नाही, एकटाकी लिहीत बसलो.’ ‘जेवताना सगळे मिळून खूप हसलो.’ मग प्रत्येक प्रसंगापुढे लिहा, हे कशामुळे घडलं: कामामुळे, माणसांमुळे, साहेबामुळे, की मोकळ्या वेळेमुळे?

ही फोड अनेकदा धक्का देते. ज्याला आपण कामाचं प्रेम म्हणत होतो ते दोन सहकाऱ्यांवरचं प्रेम निघतं. त्यात चूक काहीच नाही, पण माणसं नोकऱ्या बदलतात, साहेबांच्या बदल्या होतात. उद्या ते दोघं गेले तर ही नोकरी कमी पगारात करायला तुम्ही राहाल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तुमचं समाधान भाड्याच्या घरात राहतंय. उलट, प्रसंगांपैकी बहुतेक प्रत्यक्ष कामातून आले असतील, तर ते टिकाऊ आहे आणि त्याच्यासाठी पैसे सोडण्यात शहाणपण असू शकतं.

दुसरी यादी वैतागाची. इथे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांचं जुनं काम उपयोगी पडतं. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीसांना कामावरच्या चांगल्या-वाईट प्रसंगांबद्दल विचारलं होतं. लोक खूश होण्याची कारणं एका जातीची निघाली: काहीतरी पार पाडलं, कुणी दखल घेतली, काम स्वतःच रंजक होतं. वैतागण्याची कारणं दुसऱ्या जातीची: धोरणं, देखरेख, कामाची परिस्थिती, पगार. पुढे या सिद्धांतावर टीकाही पुष्कळ झाली. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. वैताग दूर झाला म्हणजे आनंद आला असं नाही. पगार वाढला की पगाराची कुरकुर थांबते. रटाळ काम रटाळच राहतं. तसंच आवडतं काम असलं म्हणून तुटपुंज्या पगाराची बोच जात नाही. तेव्हा दोन्ही नोकऱ्यांसाठी दोन्ही याद्या करा, आणि एका यादीतून दुसरी वजा करून मोकळे होऊ नका.

आणखी एक कटू गोष्ट इथेच सांगून टाकतो. आवडीच्या कामाचा पगार कमी का असतो? काही वेळा संस्थेकडे खरोखरच पैसा नसतो. काही वेळा तुम्ही कमी पैशात तयार होता हे मालकाला पक्कं ठाऊक असतं. अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच लिहून ठेवलंय की काम जितकं नकोसं तितकी मजुरी जास्त आणि जितकं हवंसं तितकी कमी. २००९ मध्ये स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्पसन यांनी प्राणिसंग्रहालयांत प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपला जन्म याच कामासाठी आहे असं मानणाऱ्यांना कामात अर्थ जास्त दिसत होता. त्याचबरोबर पैसा, वेळ, सोय यांवर पाणी सोडायलाही तेच जास्त तयार होते. म्हणून विचारा: माझ्या संस्थेत वरच्या लोकांचे पगारही बेताचेच आहेत का? संस्था वाढली तेव्हा खालच्यांचं काही वाढलं का? ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे वाक्य फक्त जादा काम सांगतानाच ऐकू येतं का? या उत्तरांवरून तुमचा त्याग कोणाच्या खात्यात जमा होतोय ते कळेल.

पायरी ४: दहा वर्षांनंतरचं चित्र

आजचा पगार हा फक्त सुरुवातीचा आकडा. पगारवाढ टक्क्यांत होते, त्यामुळे दोन्हीकडे सारख्याच दराने वाढ मिळाली तर दरी बुजत नाही, रुंदावत जाते. शिवाय पुढची नोकरी देणारा मागचा पगार विचारतो. सुरुवातीला घेतलेला कमी पगार असा बराच काळ सोबत येतो.

पण कमी पगाराच्या नोकरीत शिकायला जास्त मिळत असेल तर चित्र पालटतं. समजा एकीकडे १०० आहेत आणि वर्षाला ४ टक्के वाढ. दुसरीकडे ७० आहेत, पण कौशल्य वाढत असल्याने ८ टक्के वाढ. साडेनऊ वर्षांच्या आसपास दोन्ही पगार सारखे होतात. एकूण कमाईची बरोबरी व्हायला मात्र सतरा-अठरा वर्षं लागतात. दोन्ही आकडे डोळ्यांसमोर ठेवा. ‘पुढे पगार वाढेलच’ असं म्हणणारे लोक सहसा पहिलाच धरतात.

आणि ‘शिकायला मिळतं’ यावर तरी किती विश्वास ठेवायचा? गेल्या वर्षभरात या कामात काय शिकलात, आणि ते शिकलेलं दुसरं कोणी पैसे देऊन विकत घेईल का, हे लिहून काढा. कागद कोराच राहिला, तर ८ टक्के विसरा.

पायरी ५: त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारा

नवी नोकरी कशी वाटेल याची कल्पना करण्यात आपण फार कच्चे असतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगांत एक गंमत दिसली होती. एखादा अनुभव आपल्याला कितपत आवडेल याचा अंदाज त्या अनुभवाची माहिती वाचून बांधण्यापेक्षा, त्यातून आधी गेलेल्या अनोळखी माणसाचं मत ऐकून जास्त अचूक निघत होता. गंमत अशी की लोकांचा भरवसा मात्र माहितीवरच.

तेव्हा जाहिरातीवर, वेबसाइटवर वेळ घालवू नका. तेच काम करणारी दोन माणसं आणि ते सोडून गेलेलं एक माणूस शोधा. ‘कसं वाटतं?’ असं विचारलंत तर ‘छान आहे’ एवढंच ऐकायला मिळेल. असं विचारा: काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत? शेवटची सुट्टी मागितली तेव्हा काय झालं? रात्री फोन येतात का? तुमच्या आधी या जागेवर कोण होतं, आणि ते का गेले?

पायरी ६: तिसरा रस्ता आहे का ते पाहा

दोनच दारं आहेत असं धरून चालू नका. आवडत्या नोकरीत जाऊन पगार मागा; ऑफर हातात असतानाचा काळ त्यासाठी सगळ्यात चांगला. मात्र जायची खरी तयारी असेल तरच ऑफरचा उल्लेख करा, पोकळ धमकी ओळखू येते. पैसा निघत नसेल तर वेळ मागा: आठवड्यातून दोन दिवस घरून काम, चार दिवसांचा आठवडा, बाहेरची कामं घेण्याची मुभा. सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार करू असं म्हणाले, तर ते लेखी घ्या. तोंडी आश्वासनाला मी तरी काही किंमत देत नाही.

जास्त पगाराच्या बाजूलाही बोलता येतं. कोणता प्रकल्प, कोणता गट, किती फिरती, हे रुजू होण्याआधी ठरवून घ्या; नंतर ऐकणारं कोणी नसतं. काही लोक रटाळ नोकरीचाही चेहरा हळूहळू बदलतात. एमी व्झेस्नेव्स्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये याबद्दल लिहिताना रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचं उदाहरण घेतलं होतं. त्यांतले काही जण नेमून दिलेल्या कामापलीकडे जाऊन रुग्णांची विचारपूस करत आणि स्वतःला उपचाराचाच भाग मानत. सगळ्याच कामांत एवढी जागा मिळत नाही. नव्या ऑफरमध्ये ती आहे का, हे पाचव्या पायरीतल्या माणसांना विचारता येईल.

पायरी ७: घरच्यांशी बोला

जोडीदार किंवा आईवडील यांच्याशी बोलताना आधी आकडे दाखवा, मग मन सांगा. उलट केलंत तर चर्चा भांडणाकडे वळते. कमी पगार घेणार असाल, तर कोणत्या खर्चाला कात्री लागणार आणि ती कुणाला लागणार, हे स्पष्ट बोला. तुमच्या समाधानाचं बिल दुसऱ्याने भरायचं असेल, तर त्याची संमती हवी. तसंच जास्त पगारासाठी घराबाहेर राहण्याचे तास वाढणार असतील, तर घरचं कोणतं काम कुणाच्या अंगावर पडणार, हेही त्याच बैठकीत ठरवा.

पायरी ८: तारीख ठरवा आणि निर्णय घ्या

एवढं करून दोन्ही पारडी सारखीच वाटली, तर कोणता निर्णय मागे घेणं सोपं आहे ते पाहा. काही क्षेत्रांत दोन वर्षं बाहेर राहिलं की परत शिरता येत नाही. काही ठिकाणी चांगल्या माणसाला कधीही जागा असते. हातात पैसा साठवून परत येणं सहसा सोपं, डोक्यावर कर्ज घेऊन परत येणं अवघड.

तरीही अडलात, तर अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांचा प्रयोग ऐका. निर्णय न होणाऱ्या लोकांनी संगणकावर नाणं उडवायचं, असा तो होता. नोकरी सोडू की नको, हा त्यातल्या प्रश्नांपैकी एक. वीस हजारांहून जास्त वेळा नाणेफेक झाली. मोठ्या प्रश्नांवर नाण्याच्या कौलाने बदल स्वीकारलेले लोक सहा महिन्यांनी, जैसे थे राहिलेल्यांपेक्षा जास्त खूश निघाले. हे लोक आधीच कुंपणावर बसलेले होते, त्यामुळे सगळ्यांनी उठून राजीनामे द्यावेत असा याचा अर्थ नाही. पण तुम्हीही कुंपणावरच असाल आणि पहिली पायरी पार झाली असेल, तर बदलाच्या बाजूला थोडं झुकायला हरकत नाही.

राजीनाम्याचा क्रम चुकवू नका. नेमणुकीचं पत्र लेखी हातात येऊ द्या. त्यात पगाराची फोड, कामाचं ठिकाण आणि नोटिशीची मुदत वाचून घ्या, आणि मगच जुन्या ठिकाणी बोला.

जास्त पगाराची नोकरी घेतलीत, तर पहिले सहा महिने जुन्याच पगारात घर चालवा आणि वरची रक्कम पगार जमा होताच वेगळ्या खात्यात टाका. नवं घर, नवी गाडी, नवा हप्ता, काहीच घेऊ नका. सहा महिन्यांनी तिसऱ्या पायरीतल्या दोन्ही याद्या पुन्हा करा. परत फिरावंसं वाटलं, तर त्या खात्यातला पैसा तुमचा खर्च उचलेल. तिथेच थांबायचं ठरलं, तर त्याच पैशातून आधी घरातलं सर्वांत महागडं कर्ज फेडून टाका.